गळ्यामागचा ऑर्गन

डीप पर्पलचं ‘चाइल्ड इन टाइम’ लोकांच्या लक्षात राहिलं ते इयन गिलनच्या किंकाळ्यांमुळे आणि रिची ब्लॅकमोरच्या गिटारमुळे. दोन्हींना तोड नाही. पण जून १९७० मध्ये निघालेल्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या तबकडीवरचं हे दहा मिनिटांचं गाणं सुरू होतं तेव्हा यांपैकी कोणीच ऐकू येत नाही. ऐकू येतो तो हॅमंड ऑर्गन, अगदी हलक्या हाताने वाजवलेला. मागे इयन पेसची झांज जेमतेम किणकिणत असते. वाजवणारा आहे जॉन लॉर्ड. पुढच्या दहा मिनिटांत तो स्वतःसाठी फारसं काही मागत नाही. तरीही हे गाणं त्याचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

रॉकमधल्या थोर की-बोर्ड वादकांची चर्चा निघाली की बहुधा बोटांचा वेग मोजला जातो. कुणी एका वेळी किती वाद्यं वाजवली, कुणाचा सोलो किती लांबला, कुणी ऑर्गनच्या पट्ट्यांत सुरा खुपसला याचे हिशेब होतात. मराठी कानाने ऐकणाऱ्याला या हिशेबात एक गोष्ट कमी वाटते. आपल्याकडे पेटीवाल्याची पहिली परीक्षा साथीत होते. गायकाचा श्वास संपतो तिथे सूर कसा भरला, गायकाने घेतलेली जागा पुसट न करता कशी उचलून धरली आणि तो वर जायला निघाला तेव्हा त्याच्या पायाखाली काय ठेवलं, हे आधी पाहिलं जातं. तयारी त्यानंतर. लॉर्डला या कसोटीवर घासून पाहावं, एवढाच या लेखाचा उद्देश.

ही कसोटी भोपाळमध्ये बसून सुचावी यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली. नाट्यपदांची आवड त्यांच्या सामानाबरोबरच आली. पुढे या शहराला नाटकातल्या पेटीचा आणखी मोठा वारसा मिळाला. भारत भवन १९८२ मध्ये उघडलं आणि तिथल्या रंगमंडळाची धुरा ब. व. कारंतांकडे आली. कारंत लहानपणी कर्नाटकातल्या गुब्बी कंपनीत वाढलेले, आपल्या संगीत नाटकाच्या सख्ख्या शेजारघरातले. हबीब तनवीरांचं नया थिएटरही इथलंच. त्यांच्या नाटकांत पेटी-ढोलकवाले मंचावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसत आणि नाटक त्यांच्या सुरावर चाले. वादक नटाच्या मागे असतो पण नाटकाच्या बाहेर नसतो, हे भोपाळच्या प्रेक्षकाला निराळं शिकवावं लागत नाही.

आता गाण्याचं मूळ. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ नावाच्या बँडची पहिली तबकडी १९६९ मध्ये आली. तिच्यावर डेव्हिड लाफ्लामच्या व्हायोलिनवरची एक शब्दाविना धून होती, नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. व्हायोलिन तिथे लगबगीत धावतं. लॉर्ड ती धून सरावाच्या वेळी ऑर्गनवर सहज वाजवत होता. बँडने तिची लय खाली आणली आणि त्या संथ चालीवर गिलनने शब्द बसवले. ही उचल डीप पर्पलने लपवली नाही. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’नेही दुसऱ्या तबकडीवर डीप पर्पलच्या ‘रिंग दॅट नेक’वरून एक धून बेतली, त्यामुळे देवघेव बरोबरीत सुटली. मुंबईचं नाव धारण करणाऱ्या त्या धुनेत मुंबईचं फार काही नाही. महत्त्वाचं घडलं ते लय उतरवण्यात. द्रुत लयीत जी धून नुसती नक्षी वाटत होती, ती विलंबितात आल्यावर तिच्या प्रत्येक सुराला वजन आलं. बंदिशीची लय बदलली की तिचा स्वभाव बदलतो, हे ख्याल ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

लय खाली आणली की वाद्याची खरी पारख होते. पियानोचा सूर वाजताक्षणी विरायला लागतो, गिटारचाही तसाच. ऑर्गनचा सूर मात्र बोट पट्टीवर आहे तोवर तसाच उभा राहतो. लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये हवा नाही आणि भाताही नाही. मोठ्या हॅमंडमध्ये ९१ दातेरी चकत्या एका मोटरवर फिरत असतात. प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, आणि चकतीच्या फिरण्याने त्यात उठणारा विजेचा हेलकावा म्हणजे सूर. पट्ट्यांच्या वर ओढायच्या दांड्या असतात, नऊ-नऊच्या संचांत. त्या कमी-जास्त ओढून मूळ सुरात वरचे-खालचे स्वर मिसळायचे आणि आवाजाचा रंग ठरवायचा.

या वाद्याचा एक गुण रसिकाने लक्षात ठेवावा. हॅमंडची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. बोटाच्या दाबाला तिथे काही अर्थ नाही. लहान-मोठेपणा सगळा उजव्या पायाखालच्या पेडलवर. म्हणजे भाव बोटात कमी आणि पायात जास्त. नाट्यसंगीतातला ऑर्गन ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही सूर फुलवायचा किंवा आवरायचा तो भात्यावरच्या पायांनी. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे होते. ध्वनिवर्धक नसताना भरल्या नाट्यगृहात त्या ऑर्गनला दुहेरी काम करावं लागे. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा आणि गायकाचा नाजूक स्वर झाकायचा नाही. हा तोल पायांनी सांभाळायचा.

‘चाइल्ड इन टाइम’च्या सुरुवातीला लॉर्डचा पाय नेमकं हेच करतो. धून साधी आहे. मोजकेच कॉर्ड आणि एका सुराभोवती घुटमळून परत येणारी एक हालचाल. आवाज इतका खाली ठेवलेला की कान आपोआप पुढे झुकतो. रॉजर ग्लोव्हरचं बेस मिसळतं तरी कुणी घाई करत नाही. गिलन गायला लागतो तो जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत. हा शीतयुद्धाचा काळ. गाण्यात एक आंधळा माणूस जगावर गोळ्या झाडत सुटलेला आहे आणि ऐकणाऱ्याला सावध केलं जातं. शब्द थोडे आणि कडवंही जवळपास एकच, ते पुन्हा येतं. कविता म्हणून त्यात फारसं काही हाती लागत नाही. इथे शब्दांचं काम सुरांना निमित्त पुरवण्याचं आहे. आपल्या ठुमरीतही एका ओळीच्या भरवशावर गायक अर्धा तास काढतोच.

शब्द संपतात आणि गाण्याचा गाभा सुरू होतो. गिलन आता फक्त स्वर लावतो. पहिल्यांदा मिटल्या ओठांतून आल्यासारखा मंद ‘ऊ’, मग उघडा ‘आ’, मग तोच ‘आ’ वरच्या सप्तकात, आणि शेवटी किंकाळी. या चढणीत लॉर्ड काय करतो ते गिलनकडे दुर्लक्ष करून ऐकायला हवं. पहिल्या आवर्तनात ऑर्गन आवाजाच्या खाली राहतो, धून बदलत नाही. दुसऱ्यात पाय जरा दाबला जातो आणि सुराला धार येते. पुढे तोच कॉर्ड जाड होतो आणि त्यात खरखर उतरते. लॉर्डने आपला हॅमंड गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवण्याची वाट धरली होती, ब्लॅकमोरच्या आवाजाशी टक्कर देता यावी म्हणून. इथे ती खरखर टकरीसाठी नाही. गिलनचा गळा जसा फाटत जातो तसा ऑर्गनचा स्वरही फाटत जातो. दोघं एकाच वेळी एकाच पायरीवर असतात, तरी गायक एक पाऊल पुढे आहे असंच आपल्याला वाटत राहतं. ही जी किंचित मागे राहण्याची कला आहे, ती साथीतली सगळ्यात अवघड गोष्ट.

अवघड का, ते सांगतो. गायक तार सप्तकात पोचला की पेटीवाल्याला तिथेच त्याच्या शेजारी जाऊन उभं राहण्याचा मोह होतो. लॉर्ड तो मोह टाळतो. गिलन वर जातो तेव्हा ऑर्गन मध्य सप्तकातला आपला जाड कॉर्ड धरून बसतो. त्यामुळे किंकाळीची उंची मोजायला आपल्या कानाला जमीन मिळते. जमिनीशिवाय उंची कळत नाही. हाच स्वर मागे काही न वाजवता ऐकवला असता तर तो नुसता कर्कश वाटला असता. ऑर्गनमुळे त्यात आर्तता आली.

यानंतर सगळा बँड एका तुटक ठेक्यावर येतो आणि मधला लांब वाटा ब्लॅकमोरला मिळतो. तो ठेका सोडून लय दुप्पट होते आणि गिटार सुसाट सुटते. माझ्या मते रचनेतला सैल भाग हाच. वादन अव्वल आहे, पण आधीच्या चढणीत जे घट्ट विणलेलं होतं ते इथे थोडं उसवतं. लॉर्ड मात्र खाली कॉर्डचे ठोके देत राहतो, म्हणून गाणं सुटं होत नाही. मग एका झटक्यात सारं थांबतं आणि क्षणभराच्या शांततेनंतर तीच पहिली धून पुन्हा येते, तशीच, तेवढ्याच हलक्या पायाने. मधल्या गदारोळानंतर ती निराळी ऐकू येते. सूर तेच असतात, ऐकणारे आपण बदललेले असतो. मुखड्यावर परत येण्याचा आनंद आपल्याकडे समेच्या हिशेबाने मिळतो. इथे तो आवाजाच्या पातळीच्या हिशेबाने मिळतो. दुसरी चढण पहिलीसारखीच आहे, मात्र शेवट ओढून-ताणून केल्यासारखा वाटतो. लय वाढवत वाढवत सगळे एका ढिगाऱ्यात कोसळतात. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांतून ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मेड इन जपान’वरचं रूप अधिक लांब आणि अधिक पेटलेलं आहे. पण सुरुवातीच्या संयमासाठी मी १९७० चं मूळ ध्वनिमुद्रणच निवडेन.

पट्टीच्या वाद्यावर एक जुना आक्षेप आहे. त्यात मींड नाही, दोन सुरांमधली जागा नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल होईपर्यंत तीस वर्षं गेली. भोपाळचं केंद्र १९५६ चं, म्हणजे त्याची पहिली पंधराएक वर्षं या बंदीतच गेली. आक्षेप खोटा नाही. पण थोर वादक उणिवेला वळसा घालायला शिकतात. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांची साथ करायचे, आणि १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देताना त्यांनी पूरबी ठुमरीचा लडिवाळपणा मराठी रंगभूमीवर आणला. मींड नसलेल्या वाद्यावर वाढलेला हात होता तो. हॅमंडवाल्यांना लेस्ली नावाचा स्पीकर सापडला. त्याच्या पेटीतला कर्णा गरगर फिरतो, त्यामुळे स्वर जवळ आल्यासारखा आणि लांब गेल्यासारखा थरथरतो. एका बटणाने त्याचा वेग मंद किंवा जलद करता येतो, आणि एका वेगातून दुसऱ्यात जाताना स्वराला जो झोल येतो तो आंदोलनाच्या फार जवळचा आहे. मींड नाही ती नाहीच, पण सूर स्थिर असूनही जिवंत राहतो.

साथीची ही कसोटी लावली की रॉकच्या इतिहासातली बाकीची नावंही नव्या क्रमाने उभी राहतात. जून १९६५ मध्ये बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चं ध्वनिमुद्रण चाललं होतं. अल कूपर हा एकवीस वर्षांचा गिटारवादक नुसता पाहायला आलेला, तो ऑर्गनवर जाऊन बसला. वाद्याची फारशी ओळख नव्हती, म्हणून बाकीचे कुठल्या कॉर्डवर आहेत ते ऐकून मग तो पट्टी दाबी. त्यामुळे त्याचा सूर ठेक्याच्या किंचित मागून येतो, आणि त्या गाण्याची ऐट त्या मागून येण्यात आहे. डिलनने ऑर्गन मोठा करायला सांगितला. मॅथ्यू फिशरने १९६७ मध्ये प्रोकल हारमच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मध्ये बाखच्या वळणाची जी ऑर्गनची धून वाजवली, तिच्याशिवाय ते गाणं आठवताच येत नाही. तरी त्या रचनेवर सहरचनाकार म्हणून त्याचा हक्क मान्य व्हायला २००९ उजाडलं, तोही ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. साथीदाराला श्रेय देताना जग किती हात आखडतं, याचा हा कायदेशीर दाखला.

रे मॅन्झारेकचं काम वेगळ्या कारणाने मोठं. द डोअर्सकडे मंचावर बेस गिटारवाला नव्हता. मॅन्झारेक डाव्या हाताने फेंडरच्या छोट्या पियानो-बेसवर खर्ज सांभाळी आणि उजव्या हाताने व्हॉक्स ऑर्गन वाजवी. ‘लाइट माय फायर’च्या लांब सोलोत त्याचा डावा हात तेच वळण न थकता घोळवत राहतो, तानपुरा आणि ठेका दोन्ही एकाच हाताने दिल्यासारखं. रेडिओसाठी ते सात मिनिटांचं गाणं तीन मिनिटांच्या आत बसवताना कापला गेला तो नेमका हा भाग. मध्य प्रदेशाच्या वाचकाला एक जोडधागाही सांगता येईल. मॅन्झारेकची त्याच्या ड्रमर आणि गिटारवाल्याशी गाठ पडली ती लॉस एंजेलिसमध्ये, आपल्या जबलपूरशी नातं असलेल्या महर्षी महेश योगींच्या ध्यानवर्गात.

लॉर्डच्या सगळ्यात जवळ मी पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटला बसवेन. १९७३ च्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टॉरी एकही शब्द न गाता नुसत्या आवाजाने मरणाची भीती आणि मरणाचा स्वीकार दोन्ही दाखवते. खाली राइटचा पियानो आणि ऑर्गन. गिलनची निःशब्द चढण आणि टॉरीचा निःशब्द विलाप शेजारी ठेवून ऐकावेत. लॉर्ड गायकाबरोबर पेटत जातो. राइट शांत राहतो आणि गायिकेला एकटीला जळू देतो. साथ दोन्ही तऱ्हांनी श्रेष्ठ होऊ शकते. कीथ इमर्सन आणि रिक वेकमन यांची बोटं या सगळ्यांपेक्षा तयार होती, यात वाद नाही. पण त्यांच्या वादनात गायकाला बहुतेकदा पाहुण्यासारखं बसावं लागतं.

लॉर्डला सोलो जमत नव्हता असं मात्र कुणी समजू नये. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने स्वतः रचलेला ‘कंचेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ रॉयल फिलहार्मनिकबरोबर सादर केला, तेव्हा संचालनाला माल्कम आर्नल्ड होते. बाख आणि जॅझ त्याच्या हातात सारखेच मुरलेले. इतकी विद्या असलेला माणूस त्यानंतर वर्षभरातच ‘चाइल्ड इन टाइम’सारखं गाणं वाजवतो आणि त्यात ती विद्या दाखवत नाही. मला त्याचं मोठेपण इथे दिसतं. गोविंदरावांच्या पिढीने ज्याला साथीचा विवेक म्हटलं असतं, तो हा.

मराठी माणसाचं आणि रॉकचं नातं अगदीच दूरचं नाही. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास गाणारा नंदू भेंडे पुढे पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकच्या ढंगात मराठीतून गायला, आणि पुलं तर स्वतः उत्तम पेटीवाले. डीप पर्पल एप्रिल १९९५ मध्ये मुंबईत वाजवून गेलं. लॉर्ड त्या वेळी बँडमध्ये होता. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं ते ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने. २००२ मध्ये लॉर्डने बँड सोडला आणि १६ जुलै २०१२ रोजी तो गेला.

वाचकांना एवढंच सुचवतो. ‘चाइल्ड इन टाइम’ पुन्हा लावा, पण या खेपेला कान गिटारकडे आणि किंकाळीकडे न देता ऑर्गनकडे द्या. त्याच बैठकीत बालगंधर्वांचं एखादं जुनं पद ऐका आणि त्यांच्या गळ्यामागे उभ्या असलेल्या ऑर्गनचा सूर शोधा. वेगाच्या यादीत जॉन लॉर्डच्या वर चार नावं सहज सापडतील. साथीच्या यादीत मला त्याच्या वर कुणी दिसत नाही.